मूठभर भुसकट

ड्रोन घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. डिसेंबरातल्या एका सकाळी मी आणि माझा मित्र जुन्नरकडच्या एका कड्यावर पोचलो. खाली कोकण पसरलेलं. आभाळ स्वच्छ, गवत नावापुरतं हलत होतं. ॲप वारा सांगत होतं ताशी १४ किलोमीटर. माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तो सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटरचा वारा सोसतो. हिशेब सोपा होता. उडवला.

कड्याबाहेर तीनशे मीटर मजेत गेला. परत वळवला, तर स्क्रीनवर जोराच्या वाऱ्याचा इशारा. स्टिक पूर्ण ओढूनही अंतर कमी होईना. बॅटरी ५२ टक्के, मग ४१, मग ३०. कड्याजवळ येता येता तो एकदम खाली खेचला गेला आणि चित्र गेलं.

"दिसला! त्या झुडपात आहे," म्हणत मित्र कडेवरून खाली उतरायलाही लागला. वाळलेलं गवत, पायाखाली मुरूम. मी त्याला थांबवलं नाही. मला ड्रोन हवा होता.

थांबवलं ते गुरं घेऊन आलेल्या एका बाबांनी. "ए पोरा, आधी वर ये." तो वर आला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वारा नव्हता का बघितला?" मी फोन दाखवला. त्यांनी वाळलं गवत चुरगाळलं आणि ते भुसकट कड्याच्या टोकावरून उडवलं. ते थोडं पुढे तरंगलं आणि झपकन खाली गेलं. "उफणायच्या आधी आम्ही हेच बघतो."

ॲपमधला वारा बहुधा जमिनीपासून दहा मीटरवरचा असतो, तोही मोठ्या पट्ट्याचा अंदाज. वर तो वाढतो. पावसाळ्यात नाणेघाटात पश्चिमेचा वारा धबधबा उलटा वर फेकतो. हिवाळ्यात वारा बऱ्याचदा पठारावरून येतो आणि कडा ओलांडला की खाली भोवरे करतो. मी ड्रोन वाऱ्याबरोबर पाठवला होता. परतीची सगळी वाट वाऱ्याच्या तोंडावर होती.

आता मी सरासरी सोडून झोताचा आकडा बघतो. तो मर्यादेच्या निम्म्यावर गेला की बॅगेची चेन उघडत नाही. उडवलाच तर आधी तीस मीटरवर मिनिटभर थांबवतो, किती कलतोय ते बघतो. मग वाऱ्याच्या विरुद्ध नेतो, म्हणजे बॅटरी उतरल्यावर येताना वारा पाठीशी. धुक्यात नाहीच.

हे सगळं सोपं आहे. अवघड असतं ते दोन तास चढून आल्यावर "आज नको" म्हणणं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथे गेलो. भुसकट उडवलं, ड्रोन बॅगेतच ठेवला, डबा खाल्ला. त्या दिवशी मी त्याला हाक का मारली नाही, हे मात्र तेव्हाही सांगता आलं नाही. तो हे वाचेल.