बरोबर म्हणजे काय?

८ + ४ = □ + ५. चौकटीत कोणता आकडा येईल? घरात पाचवी ते सातवीतले मूल असेल, तर त्याला हे गणित जरूर घालून पाहा. नोएडाला राहणाऱ्या माझ्या ताईच्या मुलीने क्षणाचाही विचार न करता १२ लिहिले.

‘‘आणि पुढचे ५?’’ मी विचारले.

‘‘ते उगाच आहेत, मावशी. आठ आणि चार बाराच ना?’’

ती सातवीत आहे. बीजगणित सुरू झाल्यापासून तिचे गुण घसरू लागले, आणि घरात रोज त्यावरून कटकट. शाळेतल्या बाईंनी पालकसभेत चारचौघांत सांगितले, की गणित हिच्या डोक्यातच शिरत नाही. ताई क्लास शोधू लागली. भावोजी म्हणाले, ‘‘जाऊ दे, प्रत्येकाला थोडेच गणित येते?’’ बारा वर्षांच्या मुलीने हे ऐकले आणि मानूनही टाकले. मला जास्त वाईट वाटले ते याचे.

मी तिची वही चाळली. एक ओळ अशी होती : ५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२. शेवटचे उत्तर अचूक, तरी लाल फुली. का, ते लिहिलेले नव्हते. पाच अधिक तीन म्हणजे बारा कसे होतील? पण तिच्या लेखी त्या दोन रेघांचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच होता. दुसरा अर्थ ती शिकणार तरी कुठून? पहिलीपासून डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर, हेच ती पाहत आली. कॅल्क्युलेटरवर तर हे बटण दाबले की उत्तरच उमटते! मग अचानक समोर येते २क्ष + ३ = क्ष + ७. यात उत्तर कुठे आहे?

ही अडचण तिच्या एकटीची नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरचे चौकटीचे गणित सहावीच्या १४५ मुलांना घातले होते. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले. ७ एकानेही नाही.

आपल्या मराठीत तर आणखी गंमत आहे. ‘दोन अधिक तीन बरोबर पाच’ म्हणतो तेही बरोबर, आणि बाई उत्तर तपासून शाबासकी देतात तेही ‘बरोबर!’ मूळ फारसी शब्दाचा अर्थ मात्र छातीला छाती भिडवून, म्हणजे समोरासमोर, तोडीस तोड. हिंदीतल्या ‘बराबर’ने तो अर्थ नीट जपला आहे. दोन समांतर रेघांची ही खूण १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी पहिल्यांदा छापली तीही याच अर्थाने. यांहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

ताईच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडे अजून हातातला तराजू आहे. मी भाचीला तो दाखवला. एका पारड्यात आठ आणि चार, दुसऱ्यात पाच आणि आणखी काहीतरी. ‘‘म्हणजे दोन्हीकडे बराबर पाहिजे!’’ ती हिंदीतच म्हणाली आणि ७ सांगून मोकळी झाली. यात माझे काही कौतुक नाही. दिल्लीतल्याच एनसीईआरटीच्या २००७ च्या सातवीच्या पुस्तकात समीकरणाला तराजूचीच उपमा होती. पण धडा परीक्षेपुरता उरकला, की तराजू चित्रातच राहतो.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सहावीच्या मुलांबरोबर केलेले काम मला फार पटले. २७ + ३२ आणि २९ + ३० सारखे आहेत का, ते बेरीज न करता सांगायचे. बेरजेची घाई थांबली, की मूल दोन्ही बाजूंकडे पाहू लागते. घरी हे पोळ्या लाटतानाही विचारता येते. मी विचारले, ४७ + ३८ बरोबर ४८ + किती? भाची म्हणाली, ‘‘इकडे एक वाढला, तर तिकडे एक कमी. सदतीस.’’ बेरीज तिने केलीच नाही.

ताईने क्लासची फी अजून भरलेली नाही. आधी वही घेऊन बाईंना भेटणार आहे. दरम्यान भाची एका ओळीचे गणित आता तीन ओळींत लिहिते, आणि वही लवकर संपते म्हणून आईची बोलणी खाते.