कुरूप माशाचें पितृत्व

सृष्टीचें निरीक्षण करावयाचें तर वनांत किंवा समुद्रकांठीं गेलें पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. आमचें घर सोलापुरांत, दोन खोल्यांचें. माणसें पांच, आणि नळाला पाणी येतें तें कांहीं दिवसांआड. अशा घरांत खिडकीजवळच्या लोखंडी मांडणीवर एक कांचेची पेटी आहे. ती ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच असून कांठोकांठ भरल्यास तींत ५४ लिटर पाणी मावतें. एवढ्याशा पाण्यांत मीं जें पाहिलें, तें शाळेंतील बंधुभगिनींस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

या पेटींत राहणाऱ्या माशास दुकानदार नुसतें 'सकर' म्हणतात; मत्स्यपालनाचा छंद असलेले लोक त्यास 'प्लेको' म्हणतात. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५८ सालीं या कुळांतील एका माशास 'प्लेकोस्टोमस' हें नांव दिलें. त्याचा अर्थ 'दुमडलेल्या तोंडाचा' असा आहे. या कुळाचें मूळ घर दक्षिण व मध्य अमेरिकेंतील नद्यांत. यांच्या अंगावर मऊ खवले नसून हाडाच्या कठीण तकटांचें जणूं चिलखतच असतें. तोंड खालच्या बाजूस, वाटोळें. तें दगडास किंवा कांचेस चिकटवून हा मासा वाहत्या पाण्यांतही स्थिर राहतो व शेवाळ खरवडून खातो. मीं २०२३ च्या आरंभीं आणलेली जोडी 'ॲन्सिस्ट्रस' या लहान जातीची आहे. तिची वाढ साधारणपणें १२ ते १५ सेंटिमीटरांच्या पुढें जात नाहीं. नराच्या नाकाडावर मांसल, फांटे फुटलेल्या मिशा उगवतात. मादीस त्या नसतात किंवा अगदीं बारीक असतात. त्याचें रूप पाहून आजी पहिल्याच दिवशीं म्हणाली, "अरे बाळ, देवानें इतके रंगीत मासे केले, आणि तूं ही पाण्यांत पडलेली पाल कां रे आणलीस?"

आजीची खरी तक्रार रूपाविषयीं नव्हती, पाण्याविषयीं होती. मासे जें खातात त्याच्या मलापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करितात. नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी, परंतु तें सांचत जातें. म्हणून थोडें पाणी दर आठवड्यास बदलावेंच लागतें. घरांत पिपें भरून ठेवून पांच माणसांनीं पाणी पुरवून वापरावयाचें, आणि त्यांतील १५ लिटरांची बादली माशांस द्यावयाची, हें आजीस कसें रुचावें? मग मीं असा नेम केला कीं, पेटींतून काढलेलें पाणी एक थेंबही मोरींत जाऊं द्यावयाचें नाहीं. तें तुळशीस, कढीलिंबास व डब्यांत लावलेल्या मिरच्यांस घालावयाचें. नायट्रेट हें झाडांचें अन्नच आहे. त्या वर्षीं मिरच्यांस असा बहर आला कीं, आजीनें बादलीविषयीं बोलणें सोडून दिलें.

पेटींत एक वाळकें, पाण्यांत मुरवलेलें लांकूड आहे. हे मासे तें खरवडीत असतात. उकडलेल्या दुधीभोपळ्याची किंवा काकडीची चकती त्यांस फार आवडते. विणीसाठीं नरास अंधारी, त्याच्या अंगास बेताची होईल अशी गुहा लागते. दुकानांतील गुहा महाग. म्हणून आईनें संक्रांतीचें एक मोठेंसें सुगड काढून दिलें. तें न रंगवलेलें, नुसत्या भाजक्या मातीचें होतें. तें आडवें ठेवतांच दोन दिवसांत नरानें आपलेंसें केलें.

सोलापूरचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. २०२४ च्या मे महिन्यांत पेटींतील पाणी ३१ अंशांपर्यंत तापलें. या माशांस २४ ते २७ अंश बरे. मीं झांकण काढून पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊं दिला. बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंश उतरलें. जूनमध्यें पाऊस पडला, हवा निवली, आणि बादलींतील थंड पाणी पेटींत पडूं लागलें. या कुळांतील पुष्कळ माशांस असें नवें, गार पाणी म्हणजे पावसाळ्याची वर्दी होय. तेव्हां विणीचा काळ येतो. जूनच्या अखेरीस एके सकाळीं पाहतों तों मादी सुगडांतून बाहेर आलेली, आणि आंत नारिंगी मोत्यांचा घोंस चिकटलेला! मीं विजेरीच्या मंद उजेडांत मोजण्याचा यत्न केला. पन्नासाच्या आसपास अंडीं असावींत.

येथून पुढें मादीचें कार्य संपतें व पित्याचें सुरू होतें. नर सुगडाच्या तोंडाशीं बसला तो हललाच नाहीं. तो छातीच्या परांनीं व शेपटीनें अंड्यांवर सारखा वारा घालीत होता. बुरशी आलेलें अंडें तोंडानें दूर करीत होता. मीं दुधीची चकती अगदीं जवळ ठेवली, तरी तो तिजकडे वळला नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंतील मत्स्यशास्त्रज्ञांनीं असा तर्क मांडला आहे कीं, नराच्या मिशा दुरून पिलांसारख्या दिसतात. त्या पाहून 'हा पिलें संभाळणारा आहे' असें मादीस वाटतें व ती त्यास वरते. ज्या मिशांमुळें आजीनें त्यास कुरूप ठरविलें, त्याच त्याच्या कुळांत सौंदर्याचें लक्षण असाव्यात, हें वाचून मला मोठी मौज वाटली.

तिसऱ्या रात्रीं वादळी पाऊस होऊन वीज गेली. हवेचा पंप बंद पडला, गाळणी थांबली. मोठ्या माशाची मला तितकी काळजी नव्हती. कारण हा मासा प्रसंगीं पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व त्याचें जठर तींतील प्राणवायु शोषून घेतें. पण अंड्यांस ही सोय नाहीं. त्यांस पाण्यांतील प्राणवायूवरच जगावयाचें असतें. आणि बाप हवेसाठीं वर गेला तर तेवढा वेळ त्यांच्यावर वारा कोण घालणार? मीं वाटी घेतली व पाणी उचलून उंचावरून पेटींत ओतूं लागलों. त्या धारेबरोबर हवा पाण्यांत मिसळते. आईनें मेणबत्ती धरली. एक तास झाला, दोन झाले. हात भरून आले. आंत नराचे पर त्याच गतीनें हलत होते.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यांत रात्रपाळीस असतात. वीज गेल्यामुळें माग थांबले होते. म्हणून ते पहाटे तीनच्या सुमारास भिजत घरीं आले. मला वाटलें, आतां रागें भरतील. कारण दुसऱ्या दिवशीं माझी शाळा होती. त्यांनीं ओले कपडे बदलले, क्षणभर वांकून सुगडाकडे पाहिलें आणि माझ्या हातांतील वाटी घेतली. "तूं नीज," ते म्हणाले. "माझी पाळी अजून सुटली नाहीं असें समज." साडेपांचास वीज आली. मी उठलों तेव्हां बाबा भिंतीस टेकून बसल्या बसल्या झोंपले होते, आणि वाटी त्यांच्या मांडीवर होती.

पांचव्या दिवशीं अंडीं फुटलीं. पिलांच्या पोटाशीं पिवळ्या अन्नाची पिशवी असते; ती संपेपर्यंत तीं सुगडांतच चिकटून राहतात. पुढें सहा दिवसांनीं तीं एकामागून एक बाहेर आलीं. इवलीशीं, पण आकारानें हुबेहूब बापासारखीं! कांचेवर नखाएवढे मासे चिकटलेले पाहून आजीच प्रथम म्हणाली, "आतां मात्र गोड दिसतात हो!" दोन महिन्यांनीं मोजलीं तेव्हां ४१ पिलें जगलीं होतीं.

आनंदाबरोबर प्रश्नही वाढला. ५४ लिटर पाण्यांत ४३ मासे ठेवणें म्हणजे त्यांस हळूहळू मारणेंच. पाणी आतां दिवसाआड बदलावें लागे, आणि तेवढें पाणी घरांत नव्हतें. शेजारचे एक काका म्हणाले, "एवढी चिंता कशाला? सिद्धेश्वराच्या तळ्यांत नेऊन सोड. मुक्या जीवांस मोकळें केल्याचें पुण्य लागेल." आजीसही तें पटलें. प्रथमदर्शनीं कोणासही पटावें असेंच तें आहे.

परंतु बाबांनीं मला विचारलें, "तुला काय वाटतें?" तेव्हां मीं जें वाचलें होतें तें सर्वांस सांगितलें. याच कुळांतील 'सेलफिन' नांवाची मोठी जात दुकानांतून बोटाएवढी विकली जाते व पुढें दीड फुटापर्यंत वाढते. पेटी पुरेना म्हणजे लोक ती नदींत, तळ्यांत सोडून देतात. आज ती केरळ, तामिळनाडु, आंध्र व बंगाल येथील पाण्यांत पसरली आहे. आणि ज्या भीमेवरील उजनी धरणाचें पाणी आम्ही सोलापूरकर पितों, त्यांतही ती सांपडूं लागली आहे. ती कांठाच्या मातींत बिळें करिते. तिचे कांटेरी पर कोळ्यांचीं जाळीं फाडतात, आणि तिला बाजारांत भाव नाहीं. मेक्सिकोंतील इन्फिएर्निलो धरणांत तर कोळ्यांच्या जाळ्यांत खाण्याच्या माशांऐवजीं हेच मासे मोठ्या संख्येनें येऊं लागले, व कित्येकांची उपजीविका धोक्यांत आली. माझे मासे त्या जातीचे नाहींत, लहान आहेत, हें खरें. तथापि दूरदेशचा जीव आपल्या तळ्यांत काय करील याची हमी कोण देणार? सोडणाऱ्यास पुण्य लाभेल न लाभेल. जाळें फाटेल तें मात्र कोळ्याचें.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तर मग घरें शोध त्यांना. मुलींना शोधतात तशीं."

तसेंच केलें. बारा पिलें दुकानदारानें घेतलीं व त्यांच्या मोबदल्यांत मला गाळणीचा स्पंज दिला. सहा आमच्या शाळेच्या विज्ञानशाळेंतील मोठ्या पेटींत गेलीं. बाकीचीं मित्रांनीं व नातलगांनीं नेलीं. ज्यांच्या घरीं पेटी आधींपासून तयार होती त्यांसच मीं तीं दिलीं, आणि नको झाल्यास मला परत द्यावींत, पाण्यांत सोडूं नयेत, असें प्रत्येकाकडून वचन घेतलें. या कामास साडेतीन महिने लागले. त्यानंतर मीं पेटींतील सुगड उचलून ठेवलें व नरासाठीं लांकडाचा आडोसा मोठा केला. गुहा नसली म्हणजे बहुधा वीण होत नाहीं. नव्या पिलांस घरें ठरल्यावांचून सुगड पुन्हां पाण्यांत ठेवावयाचें नाहीं, असा आमच्या घरांत ठराव आहे, आणि त्यास आजीची सही आहे.

बंधुभगिनींनो, जीव जन्मास आणणें सोपें आहे. पन्नास अंड्यांस एक सुगड व एक बादली गार पाणी पुरलें. त्यांस जागा, पाणी व जबाबदार हात मिळेपर्यंत जागें राहणें हें कठीण. तें कसें करावें हें मला पुस्तकानें थोडें शिकविलें. त्या माशानें व माझ्या वडिलांनीं अधिक शिकविलें. आपणांपैकीं कोणास हा छंद करावयाचा असेल तर खुशाल करावा. मात्र मासे आणण्यापूर्वीं घरांत पाणी किती, जागा किती, आणि पिलें झाल्यास तीं कोणाच्या घरीं जातील, एवढें एका कागदावर लिहून काढावें. तो कागद पूर्ण झाला म्हणजे मग दुकानाची वाट धरावी.