चुन्याचा अंगरखा

आमच्या खेड्यातील चर्च जांभ्या दगडाचे आहे. काही वर्षांपूर्वी साक्रिस्तीची एक भिंत ओल धरू लागली, तेव्हा जुना चुन्याचा गिलावा खरवडून तेथे सिमेंटचा जाड थर आम्हीच देवविला. चार पावसाळे लोटले आणि त्या थराचे पापुद्रे सुटू लागले. मागचा दगड तर बोटाने उकरावा इतका भुसभुशीत झाला होता. आता सर्वच भिंतींच्या दुरुस्तीची वेळ आली आहे, आणि जमलेला निधी सिमेंटपुरताच आहे. हा पेच मनात घेऊनच आम्ही चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यास गेलो. बरोबर गावातील एक वृद्ध गवंडी होते.

बॉम जेझूसच्या मंदिरापाशी ते बराच वेळ उभे राहिले. १५९४ साली पायाभरणी होऊन १६०५ साली हे मंदिर पूर्ण झाले. त्याच्या दर्शनी भागातील काळा दगड थेट वसईहून आणलेला. बाकी बांधकाम जांभ्याचे. “फादर, हिचा अंगरखा कुणी हो काढला?” गवंड्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न अचूक होता. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून, तो उतरविण्यात आला. आज यात्रेकरू तिच्या लाल रंगाचे कौतुक करतात. परंतु जांभा हा सच्छिद्र दगड, आणि गोव्याचा पाऊस वर्षाला सुमारे तीन मीटर! समोरचे से कॅथेड्रल मात्र आपल्या पांढऱ्या वस्त्रात उभे आहे.

तेथेच सावलीत बसून गवंड्यांनी आम्हांस चुन्याची कुळकथा सांगितली. खाडीतील शिंपल्या गोळा करून लाकूड-कोळशाच्या थरांबरोबर भट्टीत भाजावयाच्या. नऊशे अंशांच्या आसपास उष्णता मिळाली म्हणजे त्यांतील वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, उकळ्या मारतो. निष्काळजी माणसाचे डोळे जातात. विझलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली आठवडेच्या आठवडे मुरवावयाचा, मग रेती मिसळून बैलाच्या घाणीत दळावयाचा. कोणी त्यात गुळाचे पाणी घालीत, कोणी हिरड्याचे. पातळ पातळ हात द्यावयाचे, प्रत्येक हात थापीने दाबून कित्येक दिवस ओला राखावयाचा. हळूहळू चुना, भट्टीत गमावलेला तोच वायू हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो.

“सिमिट लौकर घट्ट होतंय, पण भिंतीचा श्वास कोंडतंय,” असे ते म्हणाले. आमच्या साक्रिस्तीचे कोडे त्या एका वाक्याने उलगडले. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. सिमेंटमागे ती अडकते व तिच्यातील क्षार दगड पोखरतात. चुना स्वतः झिजतो आणि दगड राखतो. म्हणूनच त्याची डागडुजी दर पिढीला करावी लागते.

परत आल्यावर रविवारच्या मिस्सानंतर आम्ही सर्वांसमोर आपली चूक सांगितली. चुन्याचे काम धरले तर यंदा फक्त पश्चिमेची, पावसाच्या तोंडची भिंत होईल. उरलेल्यांना पुढील दोन वर्षे थांबावे लागेल. पुष्कळ कुजबुज झाली. सणापूर्वी चर्च नवे दिसावे ही लोकांची इच्छा गैर नव्हती. अखेर एक म्हातारी आई उठून म्हणाली, “माझ्या सासऱ्यानं यातला चुना मळलाय. थांबू की दोन वर्षं.”

चर्चच्या आवारात आता खड्डा खणला आहे व त्यात चुना मुरत आहे. दोन तरुण त्या वृद्ध गवंड्यांच्या हाताखाली शिकत आहेत. साक्रिस्तीच्या भिंतीवरील सिमेंट मात्र आम्ही स्वतः छिन्नी घेऊन काढीत आहो. काम सावकाश चालले आहे.