थांबलेल्या खाणीचा हप्ता

१९२१ साली अर्थशास्त्राला दोन पुस्तकं मिळाली. केंब्रिजच्या केन्सने संभाव्यतेवर लिहिलं, अमेरिकेत फ्रँक नाइटने जोखीम, अनिश्चितता आणि नफा यांवर. नाइट सांगतो, मागच्या अनुभवावरून जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, तिचा विमा उतरवता येतो. जिला मोजमापच नाही ती अनिश्चितता, आणि ती अंगावर घेणाऱ्याला जे मिळतं तो नफा. गोव्यातल्या डिचोलीत राहणाऱ्या मला हे शेवटचं म्हणणं पटता पटत नाही.

पेडण्याकडे काजूची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बोली लावणारा बोंडू पिकण्याआधीच पैशांत अडकतो. मोहोराच्या दिवसांत मळभ आलं, अवकाळी पाऊस पडला की हुर्राक कमी, फेणीही कमी. पण अधूनमधून एखादं साल बुडतं, हे त्याला बापापासून ठाऊक असतं आणि तेवढं धरूनच तो बोली चढवतो. नाइटची जोखीम ती हीच.

लोहखनिजाच्या खाणींचं तसं नव्हतं. चीनची मागणी वाढली आणि आमच्या गावांत घरांसमोर खनिजवाहू ट्रक उभे राहिले. कर्जाचा हिशेब मी जवळून पाहिला आहे. दिवसाच्या फेऱ्या गुणिले दर, त्यातून डिझेल, चालकाचा पगार आणि टायर वजा, उरलं त्यात हप्ता बसतो का ते बघायचं. पावसाळ्यात वाहतूक बंद, तेही त्यात धरलेलं असे. गुणाकारात चूक नव्हती. फेऱ्यांचा आकडा मात्र कालचा होता, आणि कर्ज फिटेपर्यंत तो तसाच राहणार हे कुणी न बोलताच ठरून गेलेलं असे. केन्सने १९३७ मध्ये बजावलं होतं की वीस वर्षांनंतरचा तांब्याचा भाव सांगायला कसलाही शास्त्रीय आधार नाही. लोहखनिजाला वीस वर्षंही लागली नाहीत. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरांवर गेलेला भाव २०१५ च्या डिसेंबरात ४० च्या खाली उतरला.

त्याआधीच, सप्टेंबर २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सरकारने खाणी थांबवल्या होत्या. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चात पुन्हा सगळं ठप्प. बंदी यायलाच हवी होती असं मी आजही म्हणतो. शिरगावच्या विहिरींचं पाणी खाणींनी ओढून नेलं होतं. पण बंदीचा भार पडला कुणावर? भाव चढला तेव्हा ट्रकवाल्याला फेरीचा ठरलेला दर मिळाला, वरचा पैसा निर्यातदाराचा. खाणमालकांचंही नुकसान झालं, पण तेजीची कमाई त्यांच्या गाठीशी होती. ट्रकवाल्याच्या गाठीशी हप्ता. नाइटच्या मांडणीत अनिश्चितता आणि नफा एकाच घरी नांदतात. आमच्याकडे त्यांची फारकत झाली आणि अनिश्चितता गरिबाच्या अंगणात टायर बसलेल्या ट्रकच्या रूपाने उभी राहिली. सरकारने पुढे कर्जदारांना सवलती दिल्या, म्हणजे भार सगळ्या गोव्यावर वाटला गेला. तेजीचा पैसा तसा वाटला गेला नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला आणि आता माल पुन्हा हलू लागला आहे. काम थांबलं तर ट्रकचा हप्ता कोण भरणार, हे खाणपट्टा घेणाऱ्याच्या करारातच लिहून घ्यायला हवं, तेही कुणी ट्रकसाठी बँकेची पायरी चढण्याआधी.