आत्याचा पाय

आमच्या चंद्रपूरच्या आत्याला नमस्कार दुरूनच करावा लागे. कोणी वाकले की ती उजवा पाय चटकन पातळाखाली ओढून घेई आणि म्हणे, "राहू दे रे, पोचला!" त्या पायाला हत्तीरोग झालेला. हळदीकुंकवाला जाणे तिने तिशीतच सोडले होते.

दर दोन-चार महिन्यांनी तिला हुडहुडी भरून ताप येई. पाय लालबुंद होई आणि ताप उतरला तरी सूज मागच्यापेक्षा थोडी वाढलेलीच राही. हा ताप अमावास्येला येतो, अशी तिची पक्की समजूत. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजेच्या तयारीआधी ती दुलई उशाशी काढून ठेवी!

तीन वर्षांपूर्वी मी तिला हट्टाने दवाखान्यात नेले. "डीईसीच्या गोळ्या घेतल्या, मग पाय का उतरत नाही?" हे तिचे गाऱ्हाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, घाण पाण्यात वाढणारा डास या रोगाचे कृमी अंगात सोडतो. गोळ्या कृमींवर असतात. पण त्यांनी बिघडवलेल्या रसवाहिन्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून रस पायातच साचतो. आणि ताप अमावास्येचा नव्हे हो! बोटांच्या बेचक्यांत या चिखल्या झाल्या आहेत ना, त्यांतून दुसरेच जंतू आत शिरतात. पाय रोज धुवा."

एवढा मोठा रोग आणि उपाय साबणाचा! माझा विश्वास बसेना. तरी दुसऱ्या दिवशी घंगाळ घेऊन तिच्यापुढे बसलो, तर आत्या रडूच लागली. "भाच्याकडून पाय धुवून घेऊ?"

"लहानपणी माझे तू किती वेळा धुतलेस?" मी म्हटले. मग मात्र तिने पाय पुढे केला.

पाणी साधे, कढत नव्हे. साबण अंगाला लावायचाच. कातडीच्या घड्या हलक्या हाताने धुवायच्या, बेचकी मऊ फडक्याने टिपून कोरडी करायची, चिखल्यांना मलम लावायचे. खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा ठेवल्या, म्हणजे रात्री पाय उंच राही. बसल्या बसल्या घोटा वर-खाली करायचा आणि अनवाणी हिंडायचे नाही. पंधरा दिवसांनी मी परतलो, तोवर आत्या स्वतःच सारे करू लागली होती.

पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. पण चिखल्या भरल्या, वास गेला, सूज थोडी हलकी झाली. ताप तर वर्षातून एखादे वेळीच येऊ लागला.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाले, तरी दुलई कपाटातच होती. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बाबा आपल्या थोरल्या बहिणीपुढे वाकले. मी सवयीने तिच्या पायाकडे पाहिले. आत्याने पाय ओढला नाही. पातळाची किनार जराशी वर घेतली आणि दोन्ही पाय पुढे केले.