आत्या, एकदा पर्वतीवरून खाली ये

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू ‘बघू’ म्हणालीस. तुझं ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखते, म्हणून हे पत्र. आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय, म्हणजे तुला टाळता येणार नाही.

आपला उन्हाळा 21 एप्रिलला सुरू व्हायचा, आठवतं? शाळेच्या निकालाचं कौतुक नव्हतं तुला. तू फॅक्टरीतून घरी यायचीस, तोंडावर पाणी मारायचीस आणि मला ओढत पीएमटीच्या थांब्यावर न्यायचीस. पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली, हे तू कंडक्टरलाही सांगितल्याचं मला स्मरतं. 20 मेपर्यंत आपलं जेवण रात्री उशिरा आणि बहुधा पिठलंभातच. बाबा कुरकुरायचे. तू म्हणायचीस, ‘पोरीच्या कानावर चार बरे शब्द पडताहेत, पडू दे.’

पडले गं. तुझे आभार मानायचे तर त्यासाठीच मानायला हवेत. पण माझ्या लक्षात राहिले ते वक्ते नव्हेत, तुझी वही. फॅक्टरीतल्या रद्द फॉर्मांची पाठकोरी पानं दाभणानं शिवलेली. वक्त्याचं म्हणणं निळ्या शाईत आणि तुझं म्हणणं तांबड्या. काही पानांवर निळं दोन ओळी आणि खाली सगळं तांबडंच! एकदा एका गृहस्थांनी खडकीची लढाई तासभर रंगवली. टाळ्या पडल्या. परत येताना तू बसमध्ये गप्प होतीस, आणि संगम पूल ओलांडल्यावर म्हणालीस, ‘हे सगळे लढाई पर्वतीवरून सांगतात.’

तेव्हा मला कळलं नव्हतं. 5 नोव्हेंबर 1817 ला दुसरा बाजीराव पेशवा पर्वतीच्या टेकडीवरून लढाई पाहत होता, आणि खाली बापू गोखल्यांचे घोडेस्वार आपल्या या माळावर दौडत होते. पर्वतीवरून धूळ दिसते, आत्या, चिखल दिसत नाही. इंग्रजांच्या फळीपुढं दलदल होती, घोडी तिच्यात रुतली, हे तू मला हातानं दाखवलंस. आणि मोर दीक्षित? जरीपटक्यापाशी पडलेला तो माणूस आणि पलीकडचा मेजर फोर्ड, दोघं दोस्त. जो वाचेल त्यानं दुसऱ्याची बायकापोरं सांभाळायची, असा त्यांचा करार होता. फोर्ड दापोडीहून पलटण घेऊन मुळा ओलांडून आला आणि त्याच्याच पलटणीच्या तोफेनं दीक्षित गेला. इतिहासकार ग्रँट डफनं हे लिहून ठेवलंय. तू मात्र ते हॅरिस पुलावर उभं राहून सांगितलंस, खालून नदीचा वास येत असताना. त्या दिवशी इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनची संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्याची पुस्तकं जळाली. तू हळहळलीस ती पुस्तकांसाठी! बाबा तुला फितूर म्हणाले होते.

तर मुद्दा असा. खडकीची गोष्ट ऐकायला खडकीकरांनी दर वेळी पेठेत का जायचं? आपल्याकडे जागा नाही असं तू म्हणू नकोस. गणेशखिंडीचं उद्यान आहे ना. 1873 सालचं. कलमं आणायला तूच मला तिथं नेलं होतंस. जवळजवळ 33 हेक्टर जमीन, फळबागा, जुने वृक्ष. 2020 साली सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. सांभाळतं कोण? महात्मा फुल्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ. मे महिन्यात आंब्यांच्या सावलीला सतरंज्या घालायच्या, संध्याकाळी पाचला व्याख्यान सुरू करायचं, दिवेलागणीला संपवायचं. वळीव आला तर आला. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. मिळेल की नाही, तो पुढचा प्रश्न.

तू म्हणशील, बागेत कसली व्याख्यानं? अगं, मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन 11 मे 1878 ला भरलं ते हिराबागेतच की. ऐन उन्हाळ्यात. रानडेच होते अध्यक्ष. आणि 1885 च्या दुसऱ्या संमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी रानड्यांनाच पत्र लिहून नकार कळवला. ते घरात बसून होते असं थोडंच आहे? ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी हडपसरला, ओतूरला लोकांपुढं वाचून दाखवला होता. व्याख्यानमाला तीही होतीच, फक्त तिला सभागृह नव्हतं. रानडे मोठे की जोतीराव, यावर तू आणि बाबा किती रात्री भांडलात! मला दोघंही हवेत. बोलणारा अभ्यासू हवा आणि ऐकणारा उठून ‘हे असं नव्हतं’ म्हणू शकेल असा हवा.

म्हणून तू हवी आहेस. लढाईवर बोलणारे मिळतील. पण तुझा दारूगोळा कारखाना 1869 चा, आणि तिथं काम केलेल्या बायांवर कोण बोलणार? डबे कुठं उघडायचे, भोंगा झाला की फाटकाशी काय व्हायचं, बाजारातल्या तमिळ, तेलुगू, पंजाबी शेजारणींशी तुम्ही कुठल्या भाषेत भांडायचात? तुला विचारलं की तू म्हणतेस, ‘मी काय बोलणार? मी कारकून.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषणांवर तांबडी शाई ओतलीस आणि स्वतःची पाळी आली की कारकून! हा कुठला न्याय? आणि राग येणार असेल तर येऊ दे, पण ठाण्याला लेकीच्या बाराव्या मजल्यावर बसून ‘खडकी बिघडली’ म्हणणं, तेसुद्धा पर्वतीवरूनच झालं.

वही घेऊन ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, गाडी थेट झाडापर्यंत आणण्याची सोय बघते. तिकीट मी काढते, आरक्षण खिडकीचं. विषयाचं नाव तेवढं आठ दिवसांत कळव. नाही कळवलंस तर माझ्या मनानं छापीन, आणि मग पत्रिकेवर तांबडी शाई चालवायची नाही.

तुझी भाची