वेगळी चूल आणि कोठाराची किल्ली

वेगळी चूल मांडून दिली, पण कोठाराची किल्ली सासूच्याच कमरेला राहिली, तर त्या वेगळेपणास अर्थ काय, असें आम्ही विचारतों. फिलिपाइन्समधील मुस्लिमबहुल बांगसामोरो प्रदेशास, अनेक दशकांच्या सशस्त्र बंडानंतर, २०१८ च्या कायद्यानें स्वतःच्या विधिमंडळाचा हक्क मिळाला. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व चलन मनिलाकडे राहिलें. केंद्राच्या निव्वळ अंतर्गत करवसुलीचा शेंकडा ५ हिस्सा दरसाल आपोआप देण्याचें ठरलें. किल्ली हातीं आली, ती येथें! परंतु २०१९ च्या सार्वमतांत सुलू प्रांतानें नकार दिला असतांही, जुन्या स्वायत्त प्रदेशाचीं मतें एकत्र मोजून त्यास आंत घेतलें गेलें. २०२४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें सुलूस वगळलें. आमच्या मतें, थोरल्याकडे हक्क मागणाऱ्यानें धाकट्याचा नकारही मानला पाहिजे.